चारही चालू

तिला गावात सगळे ‘भोंग्याची आई’ म्हणत. भोंगा म्हणजे तिची मुलगी. खरा भोंगा गिरणीच्या छपरावर होता, पाळी सुरू होताना आणि सुटताना वाजून गप्प बसणारा. हा दुसरा भोंगा शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहायचा आणि गप्प म्हणून बसायचा नाही. पोरीनं घरात नुसतं "आई, दूध उतू जातंय" म्हटलं, तरी शेजारच्या तीन बायका आपापल्या गॅसकडे धावत.

यात पोरीचा काही दोष नव्हता. हळू बोलून चालतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

आई गिरणीत मागावर होती. कामाला लागली तेव्हा तिचे कान इतके तिखट होते की बंद दारामागे तिच्याबद्दल काय चाललंय ते तिला जिन्यातच कळायचं. मागखात्यात मात्र कानांचं काही चालत नाही. शेकडो माग एकदम खडखडतात, जमीन हादरते, आणि शेजारणीनं कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी ऐकू येत नाही. म्हणून तिथल्या बायका ओरडतच नाहीत. त्या ओठांनी बोलतात. तोंड मोठं उघडायचं, एकेक शब्दाला नीट आकार द्यायचा, आवाज काढायचाच नाही. खात्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सासवांच्या तक्रारी, पोरांची दुखणी, मुकादमाच्या नकला, सगळं बिनबोभाट चालायचं. मुकादम बिचारा मधून फिरत असायचा, आणि आपल्याच नकलेला हसणाऱ्या बायका बघून आपणही हसायचा.

तिचे कान एकदम गेले नाहीत. आधी पाळी सुटल्यावर थोडा वेळ बधिर असायचे, मग जेवणापर्यंत, मग झोपेपर्यंत, आणि पुढे ते परत आलेच नाहीत. दवाखान्यातून कानात घालायचं यंत्र मिळालं होतं. त्यातून माणसं कमी आणि कपबश्या जास्त ऐकू यायच्या. "दिवसभर यंत्रंच ऐकते, घरी आणखी एक कशाला?" असं म्हणून तिनं ते खणात टाकलं, आणि त्यावर पुढे टॉवेल साठत गेले.

तेव्हापासून घरात एक नियम झाला. आईच्या पाठीशी कुणी बोलायचं नाही. आधी समोर जायचं, तिनं बघितलं की मगच तोंड उघडायचं, आणि उघडायचं ते नीट. भोंगा हा नियम बोलायच्या आधी शिकली. रांगती असताना ती आईची हनुवटी धरून तिचं तोंड आपल्याकडे वळवायची आणि मगच रडायची. आता लहान पोराला आवाज आणि ओठ वेगवेगळे चालवता येत नाहीत. तोंड मोठं केलं की आवाजही मोठा व्हायचा, आणि तो जो मोठा झाला तो झालाच.

बाप न्हावी. त्याचं दुकान रस्त्यापलीकडे, घराच्या खिडकीतून सरळ दिसणारं. दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून घरी येईपर्यंत आपल्याकडचं बोलणं संपलेलं असतं, त्यामुळे बायकोला ऐकू येत नाही याची आपल्याला काही अडचण नाही, असं तो सगळ्यांना सांगायचा. खोटं होतं. दुकान आवरल्यावर तो आरशासमोर उभा राहून स्वतःचे ओठ बघायचा. कोणता शब्द कसा दिसतो, कुठला शब्द मिशीत अडकतो, ते तपासायचा. शेवटी त्यानं मिशीच काढली. गावातल्या एकुलत्या एक न्हाव्यानं मिशी का काढली असावी यावर पारावर बरीच चर्चा झाली, पण खरं कारण बायकोलाच माहीत होतं.

संध्याकाळी आई पाळीवरून आली की भोंगा दारात उभी असायची. आईनं बघेपर्यंत थांबायची आणि विचारायची, "आज कसं गेलं?"

आईकडे चार माग होते. चार माग सांभाळायचे म्हणजे चौघांत सतत फिरत राहायचं. सूत तुटलं की माग थांबतो. गाठ मारून तो चालू करावा तर तिसरा थांबलेला. चारही एकदम चालू असण्याची वेळ म्हणजे विणकरणीचं सुख. आई म्हणायची, "चारही चालू होते." कधी ते खरं असायचं, कधी नसायचं. मग घरात तो शब्दच होऊन बसला. पोरीला परीक्षेचं विचारलं की चारही चालू. बापाच्या दुकानात गर्दी असली की चारही चालू. तिथं खुर्ची एकच होती तरी.

एक गोष्ट मात्र चालू नव्हती. भोंगा पाचवीत असताना शाळेच्या हॉलमध्ये पालकांची सभा होती. आईनं उभं राहून मुलींच्या शौचालयाच्या कडीबद्दल विचारलं. आवाज किती लावायचा याचा अंदाज आता तिला राहिला नव्हता. शब्द सरळसोट, एका पट्टीत, भिंतीवर आपटावेत तसे बाहेर आले, आणि हॉल हसला. दुष्टपणानं हसला असं नाही, पण हसला, आणि हसू वाचायला काही शिकावं लागत नाही. कडी दुसऱ्या दिवशी बसली. भोंग्याची आई मात्र त्यानंतर चारचौघांत बोलली नाही. बाजारात बोट दाखवायची, सभेला मागच्या बाकावर बसून मान डोलवायची. मला त्या हॉलचा अजून राग येतो.

शाळेत वल्हवायची नाव आली ती भूगोलाच्या सरांच्या हट्टापायी. गावाबाहेर पाणीपुरवठ्याचं मोठं तळं होतं. समुद्रकाठच्या कुठल्याशा क्लबानं मोडीत काढलेली, रुंद बुडाची शर्यतीची नाव सरांनी ट्रकवर घालून आणली. तिच्यात चौघी वल्हवणाऱ्या, प्रत्येकीच्या दोन्ही हातांत वल्ही, आणि चौघींची पाठ जायच्या दिशेला. त्यांच्याकडे तोंड करून मागच्या टोकाला पाचवी बसते. सुकाणू तिच्याकडे. नाव कुठं चाललीय ते तिला एकटीलाच दिसतं, बाकीच्या चौघींनी तिच्या शब्दावर विश्वास ठेवायचा.

सर काठावरून सूचना ओरडायचे आणि वारा त्या शेतांकडे घेऊन जायचा. मैत्रिणींच्या चपला सांभाळत बसलेली भोंगा एकदा वैतागून म्हणाली, "अगं, डावं वल्हं दमानं घ्या म्हणतायत सर!" नावेतल्या मुलींनी ऐकलं, पलीकडच्या काठावर कपडे धुणाऱ्यांनी ऐकलं, आणि पंपघरातला माणूस बाहेर येऊन डावीकडे बघायला लागला. सरांनी शिट्टी खिशात टाकली.

"उद्यापासून तू नावेत," ते म्हणाले.

हाडापेरानं ती बारीक होती, नावेला तिचं ओझं नव्हतं. तिच्या अगदी समोर बसायची पोस्टमनची मुलगी, लंबू. बाकीच्या तिघी लंबूच्या पाठीकडे बघत तिचीच लय पकडायच्या. भोंगा तोंड उघडण्याआधी लंबूच्या डोळ्यांत बघायची, लंबू तिच्याकडे बघायची, आणि मग हुकूम सुटायचा. हे इतकं सवयीनं व्हायचं की त्यात काही वेगळं आहे असं कुणाला वाटलं नाही. त्या पाच पोरी तळ्यावरून जिल्ह्याला गेल्या, तिथून राज्याला, आणि शाळेची शेवटची परीक्षा पास झाल्या त्याच सुट्टीत त्यांना देशाच्या संघाच्या शिबिराचं बोलावणं आलं. नुकत्याच शाळा सुटलेल्या वयाच्या मुलींची जागतिक स्पर्धा, समुद्रावर. बरोबरीच्या मुली गिरणीत आणि दुकानांत लागत होत्या. या पाचजणी वल्हवत जगात निघाल्या होत्या.

मागखात्यात त्या दिवशी भोंग्याच्या आईचे ओठ एका जागी ठरेनात. या टोकाला सांगितलं, त्या टोकाला सांगितलं. मुकादम जवळ आला तेव्हा त्याला ओठबोली येत नाही हे विसरून त्यालाही सांगितलं. तो काही न कळून हसला. पोरीचं कौतुक म्हणून तेही तिनं गोड मानून घेतलं.

शिबिरात चाळणी लागली. पाचातल्या दोघी परत आल्या. लंबू राहिली, पण तिला मागच्या जागेवर बसवलं. भोंग्याच्या समोर आली एक बंदरावरची मुलगी, ताकदीनं दोघींना पुरेल अशी. तिला लहानपणापासून शिकवलेलं की वल्हवताना नजर लांब ठेवायची, सुकाणूवालीच्या खांद्यावरून पार क्षितिजावर. तिचं काही चूक नव्हतं. चांगल्या वल्हवणाऱ्या असंच बघतात.

शिबिराला मध्ये काही दिवस सुट्टी पडली तेव्हा भोंगा घरी आली. खूप हसली, खूप बोलली, शिबिरातल्या जेवणाच्या गमती सांगितल्या. पोर गरजेपेक्षा जास्त हसतेय हे कळायला आईला कानांची गरज नव्हती. चहा पिऊन भोंगा म्हणाली, "बाबांना भेटून येते," आणि रस्ता ओलांडून दुकानात गेली.

आई खिडकीत भाजी चिरत होती. दुकानाची काच स्वच्छ, पलीकडे रिकाम्या खुर्चीवर पोर, चेहरा रस्त्याकडे. आई काही चोरून वाचायला बसली नव्हती. पण समोर पुस्तक उघडं पडलं तर वाचणारा माणूस काय करणार?

"मला काढतायत, बाबा," पोरीचे ओठ म्हणाले.

बाप काहीतरी बोलला. त्याची पाठ होती.

"सरावाच्या शर्यतीत वळायचं होतं. समुद्रात मोठा पिवळा बोया तरंगत असतो, त्याला वळसा घालायचा. मी हुकूम द्यायचा. आणि माझ्या तोंडून शब्दच फुटेना. ती माझ्याकडे बघतच नव्हती, बाबा. समोरची बघत नसेल तर मला बोलताच येत नाही. मी थांबले. ती बघेल म्हणून थांबले. बोया मागे पडला, मग बोलले. दोन नावा आतून निघून गेल्या."

बाप वाकला. पोरीनं नाक पुसलं.

"तिथल्या बाई म्हणाल्या, पुढच्या चाचणीत पुन्हा थांबलीस तर दुसरीला बसवीन. आईला सांगू नका. तिला वाटेल, तिच्यामुळे झालं."

आईनं सुरी खाली ठेवली. तिला रडू आलं नाही, संताप आला. गिरणीचा आला, कानांचा आला, खणातल्या त्या यंत्राचा आला, आणि सगळ्यात जास्त त्या नियमाचा आला, जो तिनं कधी कुणाला सांगितलाही नव्हता, घरानं मायेपोटी आपणहून पाळला होता. तिच्यासाठी थांबायला शिकलेली पोर आता जगासमोर थांबणार होती. हे ती होऊ देणार नव्हती.

ती जिना उतरून शिंप्याकडे गेली. शिंपीकाका म्हणजे ओठांत टाचण्या आणि गळ्यात टेप, आणि हाताशी कापड मोजायचा लाकडी गज. तिनं त्यांना काय सांगितलं ते गल्लीला नंतर कळलं. पोर परत आली तेव्हा आई मोरीपाशी उभी होती, दाराकडे पाठ करून.

"माझ्यासमोर येऊ नकोस," आई भिंतीला म्हणाली. "मी वाचलं सगळं. तुझ्या बापाला दुसरं काही येवो न येवो, काच तेवढी चकचकीत पुसतो. आता नावेत जे बोलतेस ते बोल. तिथूनच. मी वळणार नाही."

पाठीमागून पोर काही म्हणाली असेल तर ते आईला कळायला मार्गच नव्हता, म्हणून तर मार्ग शोधून ठेवला होता. खाली शिंपीकाका कान देऊन बसले होते. वरचा शब्द स्पष्ट ऐकू आला की त्यांनी गजानं छत ठोकायचं. तो ठोका आईला तळपायांत कळणार होता. ऐकायला तिच्याकडे आता तेवढेच कान होते.

ती पातेलं घासत राहिली. ठोका आला नाही. पातेलं स्वच्छ झालं, तिनं पुन्हा घासायला घेतलं. मागे पोर काही पुटपुटली असावी, पण शिंपीकाका हिशेबाला कडक माणूस. पुटपुटण्याला ते ठोका देणार नव्हते. आईनं तिसऱ्यांदा पातेल्याला हात घातला. पाठीवर पोरीची नजर जाणवत होती. वळावंसं इतकं वाटलं की तिनं नळ घट्ट धरला.

आणि पायाखाली धप्प झालं.

मग काही वेळानं दुसरा ठोका आला. मग तिसरा. संध्याकाळपर्यंत शिंपीकाकांच्या छताचा गिलावा शिलाई मशीनवर पडायला लागला.

सुट्टीभर हेच चाललं. आई भाजी निवडायची, कपडे पिळायची, केस विंचरायची, पाठ फिरवून. पोर मागून ओरडायची, "ओढ! सोड! उजवं जड! वळतोय, वळतोय, आता!" गल्लीतली पोरं सायकली त्या ‘आता’वर वळवायला लागली. दुकानात बापाचा हात त्या लयीत चालायचा, आणि गिऱ्हाइकं घाबरून खुर्चीला चिकटून बसायची. पोरीचा शब्द आधी अडखळायचा, मग पडायचा, मग धावायला लागला. आईला यातलं काही ऐकू येत नव्हतं. तिला ठोके कळत होते.

शेवटी शेवटी एक नवा हुकूम आला. शर्यत संपतानाचा असावा, कारण तो दिला की पोर दमून खाली बसायची. त्या हुकमावर शिंपीकाका दोनदा ठोकायचे, आणि रस्त्यावरची माणसं वर बघून हसायची. आईनं खाली जाऊन विचारलं, "शेवटी काय ओरडते ती?"

शिंपीकाकांनी तिच्याकडे बघितलं, समोरच्या डब्यातल्या मूठभर टाचण्या उचलल्या आणि ओठांत धरल्या. तशा तोंडानं ते जे काही बोलले त्यातलं अक्षर वाचता येईना. पोरीनं त्यांना बजावून ठेवलं होतं हे उघड होतं. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "नावेतली भाषा ती. आपल्याला काय कळतंय?" आणि घाईघाईनं वस्तरा परजायला गेला, गिऱ्हाईक नसताना.

पोर शिबिराला गेली. चाचणीच्या दिवशी आई खिडकी सोडून हलली नाही. दुपारी दुकानात फोन वाजलेला तिला दिसला. नवऱ्यानं तो कानाला लावला, अर्ध्या गालावर साबण असलेल्या गिऱ्हाइकाला तसंच सोडलं, काचेला नाक लावलं, आणि मिशी नसलेल्या ओठांनी रस्त्यापलीकडे सांगितलं, "राहिली! जागा राहिली!" आई खिडकीत खाली बसली आणि मग मनसोक्त रडली. गिऱ्हाईक तिच्यासाठी तसंच टाळ्या वाजवत होतं.

अंतिम शर्यत बघायला सगळं गाव शाळेच्या हॉलमध्ये जमलं. तोच हॉल, तीच फळ्यांची जमीन. भूगोलाच्या सरांनी भिंतीवर मोठा पडदा लावला होता. चित्र आलं. समुद्र आला, रांगेत डुलणाऱ्या पंधरा-वीस नावा आल्या, त्यात आपली नाव दिसली तेव्हा लोकांनी छप्पर डोक्यावर घेतलं. फक्त आवाज येईना. सर वायरी काढून घालत होते, घालून काढत होते, कुणी म्हणालं पेटीला एक चापट मारा, तीही मारून झाली. शर्यत मुक्यानंच सुटली.

भोंग्याची आई मागच्या बाकावर होती. शेजारी बेकरीवाल्याची मुलगी बसली होती, शिबिरातून परत आलेल्या दोघींपैकी एक. नावा एकमेकींना घासत पहिल्या बोयाकडे निघाल्या. आपली नाव दहाव्या-अकराव्या जागी अडकलेली. कॅमेरा आपल्या नावेजवळ गेला, टोपीखाली पोरीचा चेहरा आला, भिजलेला, तोंड भरपूर उघडं. बाकीच्या नावांतल्या सुकाणूवाल्या दातांतल्या दातांत बोलत होत्या. हिचा शब्द न शब्द वाचून घ्यावा असा होता. आईच्या नकळत तिचे ओठ हलायला लागले.

बेकरीवाल्याच्या मुलीनं ते बघितलं. उठून ती आईच्या समोर आली, आईनं बघेपर्यंत थांबली आणि म्हणाली, "काकू, तुम्हाला कळतंय ती काय बोलतेय?"

आईनं मान हलवली.

"मग सांगा ना आम्हाला. मोठ्यानं."

तिनं हात धरून आईला पुढे नेलं, पडद्याजवळ. तिथं उभं राहिलं की सगळा हॉल पाठीशी जात होता. कोण ऐकतंय, कोण हसतंय, काही दिसणार नव्हतं. पोरीला जे जमत नव्हतं तेच आता आईच्या वाट्याला आलं होतं. पडद्यावर पिवळा बोया जवळ येत होता. बंदरावरची मुलगी लांब क्षितिजाकडे बघत वल्हवत होती. पोरीचं तोंड उघडलं.

"वळतोय," आई म्हणाली. तोच आवाज, सरळसोट, एका पट्टीतला. "वळतोय, वळतोय... आता!"

नाव बोयाला घासून आतून निघाली. थांबली नाही. पोर थांबली नाही!

आणि आईच्या पायाखाली धप्प झालं. शिंपीकाका गज घेऊन आले होते. पहिल्या रांगेत बसून त्यांनी तो फळ्यांवर आपटला होता, जेणेकरून हिला कळावं की ऐकू गेलं.

त्यानंतर ती अडली नाही. "डावं हलकं! लाट येतेय, बसा खाली, बसा! ओढ!" आता गजाबरोबर बुटांचे ठोके पडायला लागले, मग सगळ्या हॉलचे. एकेका ‘ओढ’ला जमीन हादरायची. मागखात्यात हादरते तशी, आणि तिला तो हादरा ओळखीचा होता. मध्येच कॅमेरा वर आभाळात गेला.

"मेल्यांनो, वरून काय दाखवता? डोकी वाचू का मी?" आई गरजली.

हॉल हसला. ते हसू तिला पायांतून कळलं, आणि यावेळी तीही हसली.

शेवटचा टप्पा. पुढे चार नावा. कॅमेरा खाली आला, पुन्हा पोरीचा चेहरा. घसा बसला असावा, मानेच्या शिरा ताणलेल्या, पण ओठ चुकत नव्हते. तिनं श्वास घेतला आणि तो शेवटचा हुकूम दिला.

आई गप्प झाली.

मागून कुणीतरी ओरडलं, काय म्हणाली? सगळ्यांनी विचारलं, काय म्हणाली? तिला ते ऐकू आलं नाही. पोर पुन्हा पुन्हा तेच म्हणत होती, चौघींच्या तोंडावर, प्रत्येक वल्ह्याला. आईच्या पाठीशी उभं राहून सुट्टीभर जे ओरडली ते हे होतं. गल्लीला माहीत होतं, न्हाव्याला माहीत होतं, टाचण्यांना माहीत होतं. जिच्याकडून पोरीनं घेतलं तिलाच तेवढं माहीत नव्हतं.

"चारही चालू!" आईनं सांगितलं, आणि तिचा आवाज फाटला. "चारही चालू! चारही चालू!"

मागखात्यातल्या बायका उठून उभ्या राहिल्या. त्यांना कुणी अर्थ सांगायची गरज नव्हती. त्यांनी ते उचललं, मग हॉलनं उचललं, आणि गावानं पाय आपटत ती नाव वल्हवली. एक नाव मागे पडली, मग दुसरी. आई नाव बघतच नव्हती, ती पोरीचं तोंड बघत होती, त्यामुळे शर्यत कधी संपली ते तिला कळलंच नाही. पायाखालचे ठोके एकदम विस्कटले तेव्हा तिनं वळून बघितलं. माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली होती. भूगोलाचे सर वायर हातात धरून रडत होते. नवरा गर्दीतून तिच्यापर्यंत पोचला, तिच्या समोर आला, तिनं बघेपर्यंत थांबला.

"तिसऱ्या," तो म्हणाला. "जगात तिसऱ्या."

पडद्यावर चौघी वल्ह्यांवर आडव्या झाल्या होत्या. कॅमेरा त्यांच्यावर फिरला, लंबूवर थांबला, बंदरावरच्या मुलीवर थांबला. भोंगा टोपी काढून मान उंचावून बघत होती. कॅमेरा तिच्याकडे वळेपर्यंत ती थांबली. आता थांबायला काही हरकत नव्हती. तो वळला, आणि तिनं त्याच्यात सरळ बघितलं.

"आज कसं गेलं?" आईनं पडद्याला विचारलं.

पोरीला काही ऐकू जाणं शक्य नव्हतं. तिनं ओठ मोठे केले, एकेक शब्द नीट आकार देऊन सोडला: "आई, चारही चालू होते. एकही थांबला नाही."

बेकरीवाल्याची मुलगी आईच्या समोर आली आणि तिनं बघितल्यावर विचारलं, "काकू, आता काय म्हणाली?"

आईनं डोळे पुसले.

"काही नाही," ती म्हणाली. "घरचं आहे."